बंद पडलंय का गं हे?

"छान काढलंयस गं. पण बंद पडलंय का हे?"

आजी एवढंच म्हणाल्या. नाशिकमध्ये शरणपूरच्या बाजूला एका जुन्या दगडी चर्चच्या आवारात चिंचेखाली फोल्डिंगचं स्टूल टाकून बसले होते मी, थंडीतली सकाळ, ऑफिसला सुट्टी होती म्हणून मधल्याच वारी आलेले, चित्र जवळजवळ झालं होतं आणि मी ब्रश फडक्याला पुसत जरा मागे सरून बघत होते. भिंतीची सावलीतली बाजू मनासारखी उतरली होती, कौलांवर ऊन पडलेलं दिसत होतं, टोकदार कमानीच्या खिडकीतला अंधार एकाच फटक्यात जमून गेला होता. आजींच्या हातात कापडी पिशवी, पायात काळे बूट-मोजे, कुठूनतरी परत घरी निघालेल्या. थांबल्या, चष्मा वर सरकवून चित्र बघितलं, मग समोरचं चर्च बघितलं, मग परत चित्र. मी म्हटलं, बंद कशाला असेल आजी, हे काय समोरच आहे की. तर म्हणाल्या, "समोरचं चालूच आहे गं बाई, तुझ्या चित्रातलं विचारतेय. कुणी फिरकत नाही वाटतं तिथं. रविवारी ये, नऊला उपासना असते." आणि गेल्या. रागावल्या वगैरे अजिबात नव्हत्या, उलट जाताना डोक्याला काहीतरी बांध, ऊन लागेल म्हणून सांगून गेल्या. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री चित्र कपाटाला टेकवून ठेवलं आणि स्वयंपाक करता करता येता-जाता बघत राहिले, आणि दर वेळी तेच दिसायला लागलं, बंद दार.

आता आम्ही, म्हणजे आमचा जलरंगवाल्यांचा ग्रुप, चर्च काढायला का जातो हे आधी सांगते. नाशिकमध्ये जलरंग शिकलेल्या माणसाचा पहिला स्पॉट गोदाघाट, याला पर्याय नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली सगळी पोरं कधीतरी रामकुंडावर वही घेऊन बसलेली असतात, आणि शिवाजी तुपे सरांनी घाट आणि वाडे आणि देवळं जलरंगात अशी काही रंगवून ठेवलीत की आजही घाटावर कागद उघडला की आधी त्यांचंच चित्र डोळ्यापुढे येतं. पण घाटावर बसायचं म्हणजे अंगावर गर्दी घेऊन बसायचं. पाठीमागे दहाजण उभे, कुणी विचारतंय केवढ्याला देणार, कुणाचा पोरगा पाण्याच्या डब्यात बोट घालतोय, शेळी येऊन कागद हुंगून जाते, आणि तुम्ही समोरची पायरी काढेपर्यंत त्या पायरीवर चार धोतरं वाळत पडलेली असतात. मजा येते, नाही असं नाही. पण कधीतरी शांत बसून दोन तास एकच भिंत बघावीशी वाटते, आणि तेव्हा ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच, चर्चला जाऊया का. आवार मोठं, झाडांची सावली, सरळ उभ्या रेषा, कुणी मध्ये येत नाही. म्हणजे नीट बघितलं तर आम्ही तिथं रिकामं असतं म्हणूनच जातो, आणि ते रिकामपणच कागदावर घेऊन घरी येतो.

आणि ती भिंत. तिच्याबद्दल मी कितीही बोलू शकते. आपला काळा दगड काळा नसतोच मुळी, हे ज्यानं तासभर बसून बघितलंय त्यालाच कळतं. सकाळी आठच्या उन्हात तो जांभळट असतो, खालच्या बाजूला मुरमाच्या जमिनीवरून उजेड उडून येतो तिथं तांबूस, आणि उत्तरेच्या अंगाला, पावसाळ्यात शेवाळ धरून वाळलेलं असतं तिथं चक्क हिरवट पोपडे. ट्यूबमधला काळा लावला की भिंत मेलीच. मी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी घेते, पॅलेटवर फार घोटत नाही, कागदावरच एकमेकांत सोडते. अल्ट्रामरीनचे कण जड, ते कोल्ड प्रेस्ड, म्हणजे खरबरीत, कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि सिएना भोवतीनं पसरतो, त्यामुळे वाळल्यावर जो दाणेदारपणा येतो तो दगडाचा खडबडीतपणा न काढता आपोआप येतो. मग दोन दगडांमधल्या चुन्याच्या दर्जा, म्हणजे सांधे. त्या काढायच्या नसतात, सोडायच्या असतात, कारण जलरंगात पांढरा म्हणजे कागद. सगळ्याच दर्जा सोडल्या तर शाळेतल्या भूगोलाच्या वहीसारखं दिसतं, म्हणून चार इथं, दोन तिथं, बाकीच्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग हातात, बुडू द्यायच्या, बघणाऱ्याचा डोळा उरलेल्या भरून घेतो. एप्रिलमध्ये पारा चाळीसकडे निघाला की वॉश भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायच्या आत वाळतो आणि मध्ये कडक रेघ उमटते, मग कागद मागून भिजवून घ्यायचा, स्प्रे जवळ ठेवायचा. आणि डिसेंबरातल्या सकाळी उलटं, पहिला हात वाळतच नाही, बोर्ड उन्हाला धरून उभं राहायचं आणि तेवढ्यात चहा प्यायचा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, दोन तासांत सावली खिडकीच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला जायला निघते, त्यामुळे सावल्या सुरुवातीलाच पेन्सिलनं बांधून घ्यायच्या आणि मग समोर काहीही होवो, बदलायच्या नाहीत.

सावल्या बांधून घेताना माणसं मात्र आम्ही बांधून घेत नाही.

यावर विचार करत बसले तेव्हा लक्षात आलं की हे बघणंच आपल्याकडे असं आलेलं आहे. चर्च आणि जलरंग ही जोडी इंग्लंडातली. टर्नर आणि गर्टिन हे तिकडचे चित्रकार, दोघंही 1775 चे, पोरवयातच गावोगाव फिरून जुनी कथीड्रलं आणि मठ कागदावर उतरवायचे. टर्नरनं टिन्टर्न ॲबी काढलं तेव्हा तो विशीच्या आतबाहेरच होता. आणि टिन्टर्न म्हणजे काय, तर 1536 मध्ये आठव्या हेन्रीनं बंद केलेला मठ, छप्पर गेलेलं, कमानींवर वेल चढलेले, मधून आभाळ दिसतंय. त्या काळात वाय नदीतून होडीनं जाऊन असे भग्नावशेष बघायची फॅशनच होती तिकडे. त्या चित्रांत माणसं असतात, पण मापापुरती, भिंत किती उंच आहे हे कळावं म्हणून खाली ठेवलेली. नंतर 1835 मध्ये विन्सर अँड न्यूटन या रंगांच्या कंपनीनं ग्लिसरीन घातलेले ओलसर रंग आणले, पेटी खिशात घालून फिरता यायला लागलं, आणि उघड्यावर बसून रंगवायचं हे वेड भलतंच पसरलं. मोनेनं पुढे फ्रान्समध्ये रुआँच्या कथीड्रलसमोर खोली घेऊन 1892 आणि 1893 मध्ये तीसच्या वर कॅनव्हास रंगवले, तेलरंगात, उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. त्याला दगडावरचा उजेडच हवा होता, तो त्यानं असा पकडला की त्याबद्दल मी काही बोलणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण आम्ही यूट्यूबवर आणि पुस्तकांत हेच बघत मोठे झालो. त्यामुळे नाशिकच्या चर्चसमोर बसलं की हात आपोआप मागचं आभाळ ओलं राखाडी करायला जातो, निंबाचं झाड उगाच निमुळतं होतं, आणि दार बंद. समोर लख्ख ऊन, कावळे, पाण्याची टाकी, भिंतीला टेकवलेली सायकल, आणि कागदावर मात्र कुठलंतरी परदेशातलं गाव.

खरे भग्नावशेष हवे असतील तर आपल्याला वसई आहेच की. तिथं किल्ल्यात बसून रंगवलंय मी, आणि तिथला रिकामपणा खरा आहे, तो काढायलाच हवा. छप्पर नाही, उंच दर्शनी भिंत नुसती उभी, खिडकीतून ताडाचं झाड दिसतं, फरशीत थडग्यांचे दगड. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा वर देशावर आल्या. भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीला एक, आणि आपली नारोशंकराची. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, पूर आला की पाणी कुठवर आलं हे आपण दुतोंड्या मारुती आणि नारोशंकराच्या घंटेवरूनच तर एकमेकांना विचारतो. देऊळ 1747 चं आणि घंटेवर साल 1721. लहानपणी आजीच्या बोटाला धरून तिच्याखालून जायचे तेव्हा ही कधीकाळी चर्चची होती हे माहीतच नव्हतं, आणि कळलं तेव्हाही फार आश्चर्य वाटलं नाही, कारण तोवर ती इतकी आपली झालेली. एवढी मोठी वस्तू एका जागची दुसरीकडे जाते आणि तिथलीच होऊन जाते. मग ज्या इमारती इथल्याच दगडात इथंच बांधल्या, त्यांना आपण अजून पाहुण्यासारखं का रंगवतो?

गोव्याचंही एक सांगण्यासारखं आहे. बॉम जेझू बसिलिका सगळे काढतात, मीही काढलंय, तो लाल जांभा बघितला की बर्न्ट सिएनाची ट्यूब उघडल्याशिवाय राहवतच नाही. पण 1605 ला बांधून पूर्ण झालेल्या त्या इमारतीवर मुळात चुन्याचा गिलावा होता, तो 1950 च्या दशकात उतरवला आणि आतला जांभा उघडा पडला, आणि तेव्हापासून पाऊस थेट दगडाला लागतोय. म्हणजे ज्या लालपणावर आपण भाळतो तो त्या चर्चचं उघडं पडलेलं अंग आहे. हे कळल्यावर तिथं बसून काढताना हात जरा जड झाला. चित्र चांगलं दिसणं आणि समोरच्या इमारतीचं चांगलं असणं या दोन गोष्टी दर वेळी बरोबर जातातच असं नाही.

शरणपूरला तर हे फारच जाणवतं, कारण ते आवार म्हणजे नुसता देखावा नाहीच. चर्च मिशनरी सोसायटीनं 1850 च्या दशकात इथं ख्रिस्ती वस्ती वसवली, शाळा काढली, कारखाने काढले, आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईहून इथं आणून ठेवली. ती पोरं इथं शिकली, सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं. त्यातला एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा बरोबरच्या माणसांनी त्याचा देह महिनोन् महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला, त्यांच्यात हा होता, ज्या झाडाखाली हृदय पुरलं त्या झाडावर नाव यानं कोरलं, आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीजवळ हा उभा होता. नाशिकला शिकलेला मुलगा. पुढे त्यांच्यातले बरेचजण आफ्रिकेत मोंबासाजवळ फ्रीअर टाऊनला, सोडवलेल्या गुलामांच्या वस्तीत, गेले. मी शरणपूर रोडवरून रोज स्कूटरवर जाते, सिग्नलला थांबते, समोर मोबाइलची दुकानं, आणि याच रस्त्याच्या आसपास कधीतरी ती मुलं संध्याकाळी खेळली असतील. हे माहीत असताना ते आवार रिकामं आहे असं म्हणवत नाही.

मग गेले एका रविवारी.

रंगवायला म्हणून सामान घेतलं होतं पण आत जाऊन पाळकांना आधी विचारलं, चालेल का, फाटकाजवळ बसेन, मध्ये येणार नाही. ते म्हणाले बसा की, आणि एका मुलाला माझ्यासाठी खुर्ची आणायला पिटाळलं. नऊच्या आधीच आवार भरायला लागलं. स्कूटर, रिक्षा, एक टेम्पो ट्रॅव्हलर, दारात चपला-बूट नीट करणारा एक छोटा मुलगा, नुकत्या न्हालेल्या मुलींचे ओले केस, बायकांच्या केसांत अबोली, म्हाताऱ्या माणसांचे इस्त्रीचे पांढरे शर्ट. आतून पेटी सुरू झाली, तबला लागला, आणि भजन. रेव्हरंड टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणावर लिहिलेली भजनं मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात, आणि बाहेर बसून ऐकताना चाल अशी ओळखीची लागते की पाय आपोआप ठेका धरतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, इथून गोदेच्या काठाकाठानं गेलं की येतंच. हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि ते कानावर येत असताना हातात ब्रश धरून बसणं वेगळं.

आणि चित्र काढणं एकदम अवघड झालं! जलरंगात गर्दी काढायची एक सोपी युक्ती सगळे शिकवतात, वर एक ठिपका आणि खाली निमुळता होत गेलेला फटका, गाजरासारखा, झाला माणूस. शर्ट-पँटवाल्याला ते चालतं. पण साडी नेसून पायऱ्या चढणारी बाई गाजर नसते. ती एका हातानं निऱ्या किंचित उचलते, त्यामुळे वजन एका बाजूला जातं, पदर मागे एक वेगळाच कोन करतो, आणि खालचा घेर रुंद असतो, निमुळता नाही. मग मी फटका उलटा केला, खालून वर नेला, निऱ्यांच्या जागी ब्रश दाबला आणि पदराला टोकानं सोडून दिलं. दोन-तीन नुसते डाग झाले, चौथी बाई चालायला लागली. पण तिच्या साडीचा मोरपिशी रंग मागच्या ओल्या भिंतीत पसरला आणि इतका वेळ जपलेला दगडाचा जांभळटपणा तिथं गढुळला. एरवी जीव हळहळला असता. त्या दिवशी बघितलं तर समोरही तसंच होतं, उन्हात त्या साडीचा रंग खरोखरच दगडावर पडत होता, दाराजवळची भिंत हिरवट-निळसर झाली होती. माणसं आली की भिंतीचा रंग बदलतो. रिकाम्या भिंतीसमोर कितीही तास बसले असते तरी हे मला दिसलं नसतं.

आजी दिसल्या का, असं धाकट्या बहिणीनं घरी आल्यावर विचारलं. असतील आत, मी दारातली गर्दी बघत होते, चेहरे कुठे बघितले. पण त्यांचं म्हणणं मला त्या पायऱ्यांवर पटलं. त्यांना चित्रकलेतलं कळतं की नाही हा प्रश्नच नव्हता. त्यांच्या लग्नाची, पोरांच्या बाप्तिस्म्याची, कुणाकुणाला निरोप दिल्याची ती जागा असणार, आणि कुणीतरी ती इतकी सुबक आणि इतकी निर्मनुष्य काढून समोर ठेवली तर त्यांनी दुसरं काय विचारायचं? आपल्या राहत्या घराचं चित्र कुणी कुलूप घालून काढलं तर आपणही हेच विचारू.

हेही खरं की आधीचं, बिनमाणसांचं चित्र चित्र म्हणून जास्त नेटकं आहे. ग्रुपवर दोन्ही टाकली तर लोकांनी पहिल्याचंच कौतुक केलं, काय दगड आलाय, काय सावली आहे, दुसऱ्याला दोनचार अंगठे आणि एकानं लिहिलं की फिगर्समुळे नजर विखुरते. ती विखुरते, बरोबर आहे. सव्वानऊला सगळे आत गेल्यावर आवार पुन्हा मोकळं झालं होतं, आतून प्रवचनाचा आवाज येत होता, तेव्हा मलाही वाटून गेलं की आता काढावं, आता छान शांत आहे. ते वाटणं जाणारही नाही लगेच. शिवाय उपासनेला आलेल्या माणसांना असं बाहेर बसून न्याहाळणं मला पूर्ण रुचत नाही, घाटावर श्राद्धाला बसलेल्या माणसाला काढतानाही नाही रुचत. म्हणून चेहरे काढत नाही, जवळ जाऊन बसत नाही, विचारल्याशिवाय तर नाहीच. शेजारच्या काकूंनी मात्र वेगळंच विचारलं, सारखं चर्चच काय काढतेस, आपली देवळं कमी आहेत का. मी म्हटलं काकू, काळाराम काय आणि हे काय, माझा अल्ट्रामरीन दोन्हीकडे सारखाच संपतो. त्या हसल्या, पण मी मनापासून म्हटलं होतं, काळ्या दगडाला वॉश देताना मला आत कुठला देव आहे हे खरंच आठवत नाही, बाहेर कोण पायरी चढतंय एवढं मात्र आता दिसतं.

पुढच्या महिन्यात ग्रुपचं देवळाली कॅम्पला जायचं चाललंय, तिथल्या जुन्या चर्चवर, आणि पावसाच्या आधी जमलं तर इगतपुरीला, रेल्वेच्या काळातलं. शनिवारी सकाळी जाऊ असं ठरत होतं, शांत असतं म्हणून. मी म्हटलं रविवारी जाऊ, उपासनेच्या अर्धा तास आधी, आणि तिथल्या पाळकांना आधी फोन करायचं काम माझ्याकडे द्या. दोघं-तिघं कुरकुरतायत, म्हणे रविवारी समोर नुसत्या गाड्या लावलेल्या असतात, चर्चचा खालचा भाग दिसणारच नाही. मी लिहिलं, गाड्यांसकट काढू. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, पण एकानं विचारलंय की लाल ॲक्टिव्हाला कुठला लाल घ्यायचा, तर अलिझरिन घे आणि उन्हाच्या बाजूला थोडा कागद सोड.